चित्रातलं निवांत रान कसं वाचायचं? नव्यानं बघणाऱ्यांसाठी पायऱ्या

चित्रप्रदर्शनातली अभिप्रायाची वही चाळून बघा. ‘खूप सुंदर’, ‘मन प्रसन्न झालं’, ‘गावाची आठवण आली’ हीच तीन वाक्यं पानोपानी सापडतील. लिहिणारे खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच काहीतरी वाटलेलं असतं, फक्त ते चित्रातल्या कुठल्या जागेमुळं वाटलं हे सांगता येत नाही. हा लेख तेवढ्यासाठीच आहे. रान, बांध, एखादं झाड, लांबवर डोंगर असं गावाकडचं शांत चित्र समोर आलं, तर त्याचा भाव ओळखायचा कसा आणि तो रचनेत कुठं बसलाय ते दाखवायचं कसं, याच्या या पायऱ्या. चित्रकला शिकलेली नसली तरी काही अडत नाही. उलट ज्याचे पाय शेतात मळलेत त्याला यात एक फायदा आहे, तो पाचव्या पायरीत येईल.

एक नियम मात्र सगळीकडं पाळा. भावाचा शब्द तोंडातून निघाला की लगेच चित्रातल्या जागेवर बोट ठेवायचं. ‘उदास’ म्हणालात, तर कुठं उदास? आभाळात, वाटेवर, की त्या बंद दारात? बोट ठेवता आलं नाही तर तो शब्द तूर्त बाजूला ठेवा.

सोबत काय हवं

- पुठ्ठ्याची चौकट. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात मधोमध आयताकृती खिडकी कापायची. चित्राचा एकेक तुकडा वेगळा बघायला लागते.
- मोबाइल. फोटो कृष्णधवल करता आला म्हणजे झालं.
- वही आणि मऊ पेन्सिल, ४बी किंवा ६बी.
- छापील चित्रावर सराव करायचा असेल तर बटर पेपर.
- पंधरा मिनिटं. एका चित्राला. यात काटकसर केली तर बाकीचं साहित्य घरीच ठेवा.

सरावासाठी एक चित्र डोळ्यापुढं आणू. जलरंग, १५ बाय २२ इंच, म्हणजे चित्रकारांच्या बोलीत हाफ इम्पीरियल; २२ बाय ३० चा पूर्ण कागद निम्मा केला की हा होतो. ज्वारी काढून झालेलं रान. डावीकडं कडुलिंब, त्याच्याखाली आखाडा, म्हणजे शेतातलं राहायचं ठिकाण, शेजारी कडब्याचं बुचाड, म्हणजे पेंढ्या रचून केलेला ढीग. मधून गाडीवाट उजवीकडं वळत गेलेली. वाटेवर एक पाठमोरी बाई, डोक्यावर घागर. मागं सपाट माथ्याचा डोंगर. आभाळ फिकट, ढग एकही नाही. असं चित्र तुम्ही बँकेत, दवाखान्यात, नाहीतर कॅलेंडरवर पाहिलेलंच असणार.

१. नावाची पट्टी शेवटी वाचा

चित्राखाली ‘प्रतीक्षा’ लिहिलेलं दिसलं की डोळे लगेच वाट बघणारं माणूस शोधायला लागतात. म्हणून आधी चित्र, मग पट्टी. पट्टीवरचं माध्यम आणि आकार मात्र नक्की टिपा. इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ (१८२१) मोबाइलवर पोस्टकार्डाएवढं दिसतं, प्रत्यक्षात ते सुमारे १३० बाय १८५ सेंटिमीटर आहे. एवढ्या मोठ्या चित्रापुढं माणूस उभा राहतो तेव्हा ती नदी त्याच्या पायापासूनच सुरू होते.

२. क्षितिजरेषा कुठं आहे ते बघा

जमीन आणि आभाळ टेकतात ती आडवी रेघ. चित्राच्या उंचीचे मनातल्या मनात तीन भाग करा आणि रेघ कुठल्या भागात पडते ते वहीत लिहा. निम्मं कोडं इथंच सुटतं.

रेघ खाली असली की आभाळाला जागा मिळते. सतराव्या शतकातला डच चित्रकार याकोब व्हान रॉइसडाल यानं हार्लेम शहराची लांबून दिसणारी दृश्यं रंगवली. त्यांत दोन तृतीयांश जागा ढगांनाच दिलेली, आणि कापड धुऊन उन्हात पसरलेली मैदानं न् गाव खालच्या पट्ट्यात बसवलेलं. बघताना छाती मोकळी होते, कारण नजर कुठंच अडत नाही. रेघ वर असली की जमीन अंगावर येते.

याचा सगळ्यात चांगला धडा ज्यां-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराच्या दोन चित्रांत मिळतो. मिले शेतकऱ्याच्या घरातला. दोन्ही चित्रं पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत आणि इंटरनेटवर मोठी करून बघता येतात. पहिल्यात, ‘द ग्लीनर्स’मध्ये (१८५७), तीन बायका कापणी झालेल्या रानात सरवा, म्हणजे मागं राहिलेली कणसं, वेचतायत. क्षितिज वर ओढलेलं, आणि तिघींची शरीरं जमिनीच्या पट्ट्यातच अडकलेली. वाकलेल्या पाठी आभाळापर्यंत पोचतच नाहीत. मागं लांब, भरपूर उजेडात, मालकाच्या गंजी, लादलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला देखरेखीचा माणूस. दुसरं ‘ॲंजेलस’ (१८५७-५९). बटाटे काढता काढता संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा ऐकून थांबलेलं जोडपं, माना खाली घातलेल्या. इथं दोघांची डोकी क्षितिजाच्या वर, उजेडाच्या आभाळावर उमटतात.

दोन्ही चित्रं शांत. कुणी बोलत नाही, कुणी धावत नाही. तरी पहिल्यात ओझं आहे आणि दुसऱ्यात विसावा, आणि हा फरक बराचसा एका रेघेनं पाडलाय. आपल्या नमुन्यात रेघ मध्याच्या जरा वर आहे; बाई जमिनीत आणि घागर तेवढी आभाळात. घागरीवर बोट धरून चित्र बघा, मग बोट काढून बघा. बोट धरल्यावर ती बाई रानात मुरून जाते.

३. आडव्या रेषा आणि घरांचे माथे

आडवी रेघ निवांत वाटते, तिरकी हालचाल दाखवते, उभी ताठ उभं राहायला लावते. हा ढोबळ हिशोब आहे, पण सुरुवातीला पुरतो. आणि मराठवाड्याच्या बाबतीत तो विशेष कामाचा आहे, कारण इथली जमीनच आडव्या रेषांची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्याचा बेसाल्ट झाला. म्हणून बालाघाटाचे किंवा अजिंठ्याच्या रांगेचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे, माथा कापल्यासारखा सपाट. जुनी घरं माळवदाची, त्यांचेही माथे सपाट. बांध आडवा, गढीची भिंत आडवी. प्रामाणिकपणे काढलेलं इथलं चित्र आपोआपच संथ होतं, आणि मग एखादं उभं बाभळीचं झाडसुद्धा सगळी नजर ओढून घेतं.

आता शाळेत आपण सगळ्यांनी काढलेलं चित्र आठवा. दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, उतरत्या छपराची झोपडी, नदी आणि नारळाचं झाड. परभणीच्या पोरानं नारळाचं झाड कुठं पाहिलं, हे ड्रॉइंगच्या सरांनी कधी विचारलं नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत स्मरणचित्राच्या तासाला अजूनही हीच झोपडी उभी राहते. प्रदर्शनातल्या चित्रावर ‘मराठवाड्यातील गाव’ लिहिलंय आणि आत टोकदार डोंगर न् कौलारू उतार दिसतायत, तर चित्रकारानं जागा बघून काढलंय की सवयीनं, एवढी शंका जरूर घ्या.

४. डोळा कुठून शिरतो, कुठं थांबतो

डोळे मिटा, उघडा, आणि नजर पहिल्यांदा कुठं पडली ते लगेच वहीवर टिंब करून ठेवा. मग ती कुठं सरकली त्याची रेघ ओढा. नजर बहुधा सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागा जिथं एकमेकींना भिडतात तिथं आधी जाते. नाहीतर माणसाकडं. नाहीतर वाटेकडं.

वाट बघताना ती कुठं जाते यापेक्षा ती कशी संपते ते बघा. नमुन्यात ती वळत वळत डोंगराच्या पायथ्याशी पुसट होते, म्हणून नजर घाई करत नाही. याच्या अगदी उलट व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘कावळे आणि गव्हाचं शेत’, जुलै १८९०. पिवळं रान तिथंही आहे, पण तीन वाटा तीन दिशांना फुटतात आणि मधली पिकातच गडप होते. वर काळंनिळं आभाळ, आणि चित्र उंचीच्या दुप्पट रुंद. शेत तेच, स्वस्थता मात्र नाही.

इथं एक सापळा आहे. हे त्याचं शेवटचं चित्र, म्हणजे यात मरणच आहे, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ते शेवटचं नव्हतं; झाडाच्या मुळांचं एक अपुरं राहिलेलं चित्र त्याच्या नंतरचं मानतात. स्वतः व्हॅन गॉगनं पत्रात या शेतांच्या चित्रांबद्दल लिहिताना दुःख आणि एकटेपणाही सांगितलाय, आणि गावाकडची हवा माणसाला कशी बळ देते तेही. चित्रकाराचं चरित्र आधी वाचून मग चित्र बघितलं की असं होतं. क्रम उलटा ठेवा.

५. महिना ओळखा

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांचा फायदा तो हाच. शहरातला समीक्षक पिवळं, कोरडं रान बघतो आणि ‘दुष्काळ’ लिहून मोकळा होतो. मराठवाडा म्हटलं की १९७२ आठवतं, २०१६ साली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे आठवते, म्हणून तसं होतं. पण शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चात काढला जातो, आणि त्यानंतर रान पिवळंच दिसणार, चांगल्या वर्षीसुद्धा. किंबहुना चांगल्या वर्षी जास्तच, कारण धसकटं, म्हणजे कापणीनंतर उरलेले ताटांचे खुंट, दाट असतात.

भेगाळलेल्या जमिनीचंही तसंच. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. त्यामुळं उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाऊस कितीही झालेला असो. वर्तमानपत्रांनी त्या भेगांचं दुष्काळाचं चिन्ह करून टाकलं, आणि पुष्कळ चित्रकारांनी ते तसंच उचललं. भेगा दिसल्या तर एवढंच म्हणा की उन्हाळा आहे. पुढचं काही म्हणण्याआधी आणखी पुरावा शोधा.

पुरावा कुठं मिळतो? कडबा बघा. बुचाड भरलेलं असेल तर जनावरांची वर्षाची सोय लागलेली आहे, ते सुगीनंतरचं निवांतपण आहे. कणसं न भरताच उभं करपलेलं पीक, विहिरीच्या तळापर्यंत उघड्या पडलेल्या पायऱ्या, दावण आहे पण जनावर नाही, हे दिसलं तर गोष्ट वेगळी. मग त्याच पिवळ्या रंगाचा भाव बदलतो, आणि तो का बदलला हे तुम्ही बोट ठेवून सांगू शकता.

झाडंही महिना सांगतात. कडुलिंबाला तांबूस कोवळी पालवी असेल तर मार्चच्या आसपास. पळस पेटलेला असेल तर फाल्गुन. ढेकळं वर आलेली, रान काळं, म्हणजे नांगरट झाली, आता पावसाची वाट. कापूस फुटलेला असेल तर दिवाळीचा सुमार. आणि सावली बघायला विसरू नका. लांब सावली म्हणजे सकाळ किंवा संध्याकाळ. मे महिन्यातल्या भर दुपारी आपल्याकडं सावली जवळपास पायाखाली येते. नमुन्यात कडुलिंबाची सावली लांब आणि जांभळट आहे. तिच्या खालच्या कडेला रंग साचून वाळलाय, तिथं एक बारीक गडद रेघ उमटलीय. ओल्या वॉशची, म्हणजे पाणीदार पातळ रंगाच्या थराची, ती खूण. चित्रकारानं ती सावली एका दमात ओढली, पुन्हा गिरवत बसला नाही. ते न गिरवणंसुद्धा चित्राच्या संथपणात भर घालतं.

६. रंग काढून टाका

फोटो घ्या (परवानगी विचारून), कृष्णधवल करा. आता उरतो तो नुसता गडद-फिका. मोबाइल चालत नसेल तर डोळे बारीक करून बघा, तेवढ्यानंही भागतं.

शांत चित्रात बहुधा मधल्या छटा जास्त असतात, अगदी काळं आणि अगदी पांढरं थोडं. नमुन्यात कोरं पांढरं एकाच जागी आहे, घागरीच्या गळ्यावर. तिथं रंग लावलेलाच नाही, तो कागद आहे. खरबरीत कागद असेल तर कोरड्या ब्रशचा फटकारा त्याच्या उंचवट्यांवरच बसतो आणि धसकटांचा पोत फुकटात मिळतो. हातकागद जवळून बघायचा असेल तर दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात एकदा जाऊन या; तिथं तो आजही बनतो.

लांबचा डोंगर निळसर का, हेही याच पायरीत बघून घ्या. मधली हवा निळा उजेड जास्त विखुरते, म्हणून लांबचं फिकं न् निळसर होतं. पण हवेत धूळ भरली की धुळीचे मोठे कण सगळेच रंग विखुरतात आणि डोंगर मातकट होतो. पावसानंतरच्या स्वच्छ हवेतला डोंगर निळा, एप्रिलमधला भुरकट. नमुन्यातला डोंगर भुरकट आहे, म्हणजे पाचव्या पायरीतला अंदाज पक्का झाला.

एक तक्रार इथंच नोंदवतो. आपल्याकडच्या नावाजलेल्या निसर्गचित्रांत पाणी आणि हिरवाई फार. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांना पंचगंगेचा काठ होता, सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांना कोकण. त्या चित्रांवर वाढलेल्या नजरेला भुरकट रंग ‘मळलेला’ वाटतो. भुरकट रंगाच्या आत पाच-सहा छटा मोजायचा सराव करा, खिडकीची चौकट त्यासाठीच आहे.

७. माणूस किती मोठा, तोंड कुणीकडं

माणसाच्या उंचीनं चित्राची उंची मोजा. दहावा-बारावा हिस्सा असेल तर रान मोठं, माणूस त्याचा एक भाग. तिसरा हिस्सा असेल तर ते माणसाचंच चित्र, रान मागं. पाठमोरं माणूस आपल्याला आत घेऊन जातं, समोर बघणारं अडवतं. माणूसच नसेल तर त्याच्या खुणा शोधा: उघडं दार, वाळत घातलेलं लुगडं, आत्ताच सोडलेलं औत. माणूस इथून नुकताच उठून गेलाय की कायमचा गेलाय, हे त्यावरून कळतं.

८. काय काढलेलं नाही

ही पायरी लोक वगळतात, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज अशा रानात उभं राहिलात तर विजेचे खांब, मोबाइलचा टॉवर, ठिबकच्या काळ्या नळ्या, पत्र्याचं शेड आणि दोन-चार दुचाकी दिसतील. खरिपात तर नजर जाईल तिथवर सोयाबीन. चित्रांत मात्र लाकडी चाकाची बैलगाडी, माळवद आणि घागर. सोयाबीनच्या रानाचं चित्र मी प्रदर्शनात क्वचितच पाहिलंय, आणि टँकरचं तर केवळ ‘सामाजिक’ या सदराखाली.

म्हणून चित्र खोटं ठरत नाही. कॉन्स्टेबलनंही ‘द हे वेन’ लंडनमधल्या आपल्या खोलीत बसून, लहानपणीच्या स्टूर नदीकाठच्या रेखाटनांवरून उभं केलं, आणि त्या काळात इंग्लंडच्या खेड्यांत शेतमजुरांचे हाल होते. चित्रात त्याचा मागमूस नाही. पण काय वगळलंय हे कळलं की भावाचं नाव बदलतं. आज घडत असलेली शांतता वेगळी आणि आठवणीतली वेगळी. दुसरीत एक हुरहुर असते, आणि ती बहुधा या वगळलेल्या खांबांतूनच आलेली असते. वहीत दोन रकाने करा, ‘आहे’ आणि ‘असायला हवं होतं पण नाही’. दुसरा रकाना लांबला तर चित्र आठवणीचं आहे.

९. आता लिहा

क्रम असा ठेवा: काय दिसतं, ते कसं मांडलंय, त्यामुळं काय वाटतं. वाटण्यापासून सुरुवात केली की बाकीचं राहूनच जातं.

बहुतेकजण असं लिहितात: ‘या चित्रात ग्रामीण जीवनाचे विलोभनीय दर्शन घडते. रंगसंगती अप्रतिम असून मन शांत होते.’ हे वाक्य कुठल्याही चित्राखाली चिकटवता येतं, म्हणून ते या चित्राबद्दल काहीच सांगत नाही.

त्याऐवजी असं लिहून बघा: ‘सुगी उरकल्यावरची मार्चमधली संध्याकाळ. सपाट डोंगर, बांध आणि आखाड्याचा माथा अशा तीन आडव्या रेघांनी चित्र बांधलंय. उभं फक्त झाड आणि बाई. बुचाड भरलेलं आहे, त्यामुळं कोरड्या रानातही चिंता वाटत नाही. घागरीवरचा कोरा कागद हीच एक चकाकती जागा, आणि नजर वाटेनं फिरून तिथंच परत येते. विजेचा खांब कुठंही नाही. हे रान आजचं नसावं.’ यात ‘शांत’ हा शब्द एकदाही आलेला नाही, हे बघा.

सुरुवातीची काही चित्रं जलरंगाचीच निवडा. त्यात हात लपत नाही, ब्रश कुठं थांबला ते दिसतं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांची चित्रं लागतात तेव्हा जा. ती कच्ची असतात आणि म्हणून शिकायला सोपी. कुठली रचना जमली न् कुठली फसली हे शेजारी शेजारी दिसतं. उद्‌घाटनाच्या दिवशी मात्र जाऊ नका, तेव्हा चित्रांपेक्षा पाठीच जास्त दिसतात.

आणि चित्रकार तिथंच बसलेला असेल तर ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नका, तो बिचारा अवघडतो. ‘हे झाड जागेवरही इथंच होतं का, की तुम्ही हलवलंत?’ असं विचारा. बहुतेकदा उत्तराबरोबर पिशवीतून स्केचबुकही बाहेर निघतं.